जावेच्या साबणाचा फेस

मंगळवार, घोटावडे

बचत गटाच्या बैठकीत आज मी धाकट्या जावेचा साबण सगळ्यांपुढं धरला आन् ओरडले, "हिच्या वडीत ईडीटीए हाय, केमिकल! म्हणून बोअरच्या पाण्यात एवढा फेस येतो." तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "ते पाण्यातला क्षार बांधून ठेवतं. थोड्या प्रमाणात चालतं, आणि त्यांनी वेष्टनावर तसं छापलंय. तुमच्या वडीत काय काय आहे?"

माझ्या वेष्टनावर नुसतं ‘शुद्ध’.

जाऊ हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या वेष्टनावर काय छापायचं ते मी देते लिहून." लई जळले. तसला फेस माझ्या साबणाला का येत न्हाई?

आन् फेस येतो हे मला कसं ठाऊक, ते कुणी विचारलंच न्हाई. महिना झाला, चोरून तिच्याच वडीनं आंघोळ करतेय मी.