'ही' म्हणजे कोण, याचा खुलासा

१४ मे, बुधवार. पावणेसहाला उठलो. चहा घेतला. खिडकीत बसलो. अकराला टपाल आलं, त्यात तुझं पत्र. जेवलो. पत्र पुन्हा दोनदा वाचलं. आता साडेचार वाजले आहेत आणि उत्तर लिहायला घेतलं आहे.

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (पूर्वी साष्टांग नमस्कार लिहीत असे. गुडघे आता तेवढे वाकत नाहीत, आणि जे करता येत नाही ते लिहून कशाला द्यायचं.) भाऊजींचा खोकला कितपत उतरला? तुझ्या कमरेला तो नवा पट्टा मानवला का, की मागच्यासारखाच घडी घालून कपाटात ठेवला आहेस? मी खुशाल आहे. हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहितो, पण या खेपेला ते सवयीने लिहिलेलं नाही. या पत्राचा विषयच तो आहे.

तू लिहिलं आहेस की येत्या रविवारी दहा वाजता तू, भाऊजी आणि एक टेम्पो असे तिघे येणार. मागची खोली फिकट निळी रंगवून ठेवली आहे. मी कपडे आणि कागदपत्रं एका बॅगेत भरून तयार राहायचं, बाकीच्या घराचं नंतर बघता येईल. कारण तू दिलेलं नाहीस. 'शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या' एवढं लिहून त्यावर काट मारली आहेस. पण ताई, मी चौतीस वर्षं नगररचना कार्यालयात आरेखक होतो. लोकांनी नकाशावर खोडलेल्या रेषा उजेडासमोर धरून वाचायच्या, हीच माझी नोकरी होती. तुझी काट त्यामानाने फारच पातळ आहे.

शिंपीणबाईंना दोष देऊ नकोस. हिच्या जाण्यानंतर तूच त्यांना तुझा नंबर देऊन 'जरा लक्ष ठेवा' म्हणाली होतीस, आणि त्यांनी ठेवलं. त्यांचं मशीन वरच्या मजल्यावर खिडकीशी आहे. तिथून आमच्या मागच्या आवाराचा अर्धा भाग दिसतो आणि उरलेला वेलाखाली झाकला जातो. त्यांनी मला भर उन्हात, मिटलेली छत्री उगारून एकटाच वेलावर धावून जाताना पाहिलं. जेवणाच्या चमच्याने माती उकरताना पाहिलं. माझे ओले शर्ट दोरीऐवजी खुर्च्यांच्या पाठींवर वाळताना पाहिले. आणि मी हिच्याबद्दल, ही घरातच असल्यासारखा, मोठ्याने बोलताना त्यांनी ऐकलं. हिला जाऊन सात महिने झाले असताना. हे सगळं एकाखाली एक मांडलं तर त्यांच्या जागी मीही तुला फोन केला असता, आणि तुझ्या जागी टेम्पो सांगितला असता. म्हणून सविस्तर खुलासा करतो.

सुरुवात चिमट्यांच्या टोपलीपासून झाली. कपड्यांचे चिमटे ठेवायची हिची एक वेताची टोपली मागच्या भिंतीवर, वेलाच्या खाली, खिळ्याला टांगलेली असते. हात वर केला की सहज पोचेल अशा उंचीवर हिने तो खिळा ठोकून घेतला होता, म्हणजे माझ्या कपाळाच्या उंचीवर. (आठवड्यातून एकदा तरी मी तिथे आपटायचो. 'डोळे कागदावर ठेवून चाललं की असंच होतं,' हे हिचं ठरलेलं वाक्य.) एप्रिलच्या सुरुवातीला मी चिमटे घ्यायला गेलो, तर टोपलीत चिमट्यांवर वाळलेल्या गवताचं एक कडं तयार झालेलं. वर पन्हाळीवर एक काळाभोर पक्षी बसला होता. चोच नारिंगी, डोळ्याभोवती तसंच बारीक कडं. काळ्या सुटातला अधिकारीच जणू. तो माझ्याकडे बघून कटकट करायला लागला, तेव्हा ही जागा आता त्याची आहे हे मी समजलो आणि चिमटे न घेता आत आलो. तेव्हापासून शर्ट खुर्च्यांवर. नवे चिमटे आणता आले असते हे मला माहीत आहे. आणले नाहीत.

आता छत्री. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघतो तो काय, एक निराळाच तपकिरी पक्षी, छातीवर ठिपके, मळकट, चोरट्या चालीने वेलात शिरला आणि टोपलीत जाऊन बसला. मालक पन्हाळीवर, आणि हा त्याच्या बांधकामात. ताई, चौतीस वर्षं मी नकाशावर अतिक्रमण लाल रेघांनी दाखवत आलो. प्रत्यक्ष जाऊन ते हटवायची संधी कार्यालयाने मला एकदाही दिली नाही. मी छत्री घेतली आणि गेलो. त्या दिवशी चार वेळा गेलो, दुसऱ्या दिवशी सात वेळा. मधल्या वेळात आवाराचा एक नकाशाही काढला, एकास पन्नास प्रमाणात. त्यात टोपली काळ्या शाईत आणि तपकिरी पक्ष्याचा येण्याचा मार्ग लाल.

त्या सातव्या वेळी टपालवाला फाटकाशी उभा होता. वीस वर्षं लोकांच्या बागांमधून चालतोय तो.

"काका, कुणाच्या मागे लागलाय?"

"अतिक्रमण आहे," मी म्हटलं. "घर त्या काळ्याचं आहे. हा तपकिरी घुसतोय."

त्याने सायकल भिंतीला टेकवली. वेलाकडे पाहिलं, पन्हाळीकडे पाहिलं, माझ्या छत्रीकडे पाहिलं.

"कस्तूर आहेत ते, काका. ती त्याची बायको आहे. घर तीच बांधते. तो वर बसून नुसता गातो."

"मग इतके दिवस बोलला का नाही तो?"

"तो कशाला बोलेल? त्याला काय, छत्रीवाला फुकट रखवालदार मिळालाय."

विजेचं बिल माझ्या हातात देऊन तो गेला. मी छत्री कपाटात ठेवली आणि नकाशासमोर बसलो. दोन दिवस मी एका बाईला तिच्या स्वतःच्या घराबाहेर काढत होतो, तेही अनुभवाच्या जोरावर. आणि नवरा वर गात होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण हे घर बांधलं तेव्हाचं आठवलं. नकाशा माझा होता, आणि तू आलेल्या-गेलेल्याला तसंच सांगायचीस. पण विटा मोजून घेणं, गवंड्याला उठवणं, स्वयंपाकघराची खिडकी माझ्या नकाशात होती तिथून हात-दीड हात सरकवणं, हे सगळं हिने केलं. मी संध्याकाळी कार्यालयातून येऊन उभा राहायचो आणि छान झालंय म्हणायचो. ती खिडकी सरकवली नसती तर आज मला टोपली दिसलीच नसती. मी लाल रेघ खोडली. शाईची होती, त्यामुळे कागद फाटला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी खिडकीतून हललो नाही. (शिंपीणबाईंच्या यादीत 'दिवसभर खिडकीत' हेही असेल.) टपालवाला म्हणाला, यांना घरट्याला आतून लिंपायला चिखल लागतो, आणि जमीन तर कोरडीठाक पडलेली. तेव्हा मी दोन बादल्या पाणी ओतून कोपऱ्यात चिखल केला. पहिला पातळ झाला. दुसरा ढेकळांचा झाला. तिसरा मला पसंत पडला. चौथ्या दिवशी सकाळी सव्वासहाला ती आली, चोचभर चिखल घेतला, टोपलीत गेली, आणि छातीने दाबत गोल गोल फिरायला लागली. मी खिडकीत मोठ्याने म्हटलं, "ही आली."

आता हा शब्द. आमच्या घरात 'ही' म्हटलं की एकच माणूस. दुसरं नाव मी घेतलं नाही, तशी सवयच नव्हती. गेले सात महिने सगळे 'ती' म्हणतात. ती असती तर. तिची कपाटं. तूही तसंच लिहितेस. (वर मी लिहिलेलं 'ती.' हे तीर्थरूपचं आहे, त्याचा यात संबंध नाही.) व्याकरण तुमच्या बाजूने आहे. जवळचं ते हे आणि लांबचं ते ते, हे आपण पहिलीतच शिकलो. माझी तक्रार नाही. फक्त माझ्याकडे तो एक शब्द नुसता पडून होता, आणि हा पक्षी हाताच्या अंतरावर होता, आणि मादी होता. तेव्हा शब्द आपोआप तिकडे गेला.

त्यामुळे शिंपीणबाईंना जे ऐकू गेलं ते असं: "हिने सकाळपासून काही खाल्लं नाही." (अंड्यांवर बसली होती. तेव्हाच मी चमच्याने गांडुळं उकरत होतो, कारण फावड्याच्या आवाजाने ती दचकते. गांडुळं बशीत घालून वेलाखाली ठेवली. तिने बशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि बशीशेजारच्या मातीतून स्वतःचं गांडूळ काढून घेतलं.) "हिला माझा हा शर्ट आवडत नाही." (पिवळा. खरंच आवडत नाही, चार वेळा करून पाहिलं.) आणि शेवटी, माझा एक शर्ट खुर्चीवरून उडून त्यांच्या आवारात गेला, तो त्या बिचाऱ्या इस्त्री करून द्यायला आल्या, तर मी दार अर्धवट उघडून कुजबुजलो, "जरा हळू, हिचा आत्ताच डोळा लागलाय." त्यांनी शर्ट पायरीवर ठेवला आणि गेल्या. मी मागून जाऊन सांगायला हवं होतं, कळतं मला. पण मागून धावत येऊन 'मी एका पक्ष्याबद्दल बोलत होतो' असं सांगणारा माणूस आणखीच बिघडलेला दिसतो. मला असं सांगणं जमत नाही, हे तुला ठाऊक आहे.

सध्याची स्थिती: अंडी तीन, पिल्लं दोन. तिसरं अंडं फुटलं नाही. ते अजून तिथेच आहे आणि ही त्याच्यावरही बसते. आता नरही कामाला लागला आहे, दिवसभर दोघं चोची भरून येतात. पिल्लं दहा दिवसांची झाली. चौदाव्या दिवशी ती घरट्यातून उतरतात, पण उडता येत नसतं, म्हणून दोन-चार दिवस जमिनीवरच, झुडपांत, फाटकाच्या वाटेवर लपून राहतात. चौदावा दिवस येतो रविवारी. म्हणजे भाऊजी ज्या वाटेने टेम्पो मागे घेतील, नेमकं तिथे. सबब, टेम्पो रद्द व्हावा.

भाऊजींना नमस्कार. शिंपीणबाईंना मी सोमवारी जाऊन सांगतो. निदान ठरवलं तरी आहे.

तुझा,
धाकटा

ता.क. पिल्लं उडाल्यावर तरी येशील ना, असं तू विचारशील. टपालवाला म्हणतो, हे पक्षी एका हंगामात दोनदा, कधी तीनदाही अंडी घालतात. हे मी पडताळून पाहिलेलं नाही, पण माणूस विश्वासू आहे. निळा रंग छान असेल. खोली पाहुण्यांना दे. मला इथेच राहायचं आहे. हे सरळ पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

ता.क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, एक सोडून. मागच्या मंगळवारी पाच वाजता शिंपीणबाईंनी मला "हिला अर्धाच चमचा साखर" म्हणताना ऐकलं असणार, त्यांचं मशीन थांबलं होतं. पक्ष्यांना कुणी चहा देत नाही. कप दोन भरले गेले होते. लक्षात आल्यावर मी दोन्ही प्यालो. तुझी काळजी तेवढ्यापुरती बरोबर आहे.

ता.क. तेव्हा रविवारी ये. बसने ये. चार दिवस राहा. तुम्ही दोघी एका वर्गात होतात (म्हणजे ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, हे मी कार्यालयात कधी कळू दिलं नाही). दोन वर्षांपूर्वी जेवताना तू पाचवीतल्या सहलीची काहीतरी गोष्ट सांगत होतीस. ही इतकी हसली की ताट खाली ठेवावं लागलं. मी पेपर वाचत होतो आणि 'जरा हळू' म्हणालो. ती गोष्ट मला पहिल्यापासून ऐकायची आहे. सांगताना 'ती' म्हणालीस तरी चालेल. पाचवीत ती तुझीच होती.

नळाला पाणी आलं आहे. पिंप भरून घेतो.