पन्नास किलोचा गट

प्रिय अनसूयामावशी,

मुंबईहून तुमच्या मालकांची पत्रं यायची, ती मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. हे माझं पत्र कोण वाचून दाखवणार? तरी लिहितोय. तुम्ही गेल्यावर काल पुण्यानुमोदनाचा विधी झाला, तिथे तुमचा रमेश जे बोलला, त्यानंतर मला चैन नाही.

पोलादपूरजवळच्या तुमच्या वाडीत मी तरुण मंडळ काढलं, तेव्हा केवढा तोरा माझा! पोरं आता गुत्त्याकडे न जाता मैदानात येतात, असं महाडात ज्याला त्याला सांगत सुटायचो. मैदान तरी कसलं, भात कापलेलं खाचर. ढेकळं फोडून पोरांनीच सपाट केलेलं.

मग महाडला कबड्डीच्या स्पर्धा आल्या. आमचा संघ पन्नास किलोच्या गटात, आणि तुमचा रमेश भरला बावन्न! भातगिरणीच्या काट्यावर तीनदा चढवला त्याला. शेवटी म्हटलं, दोन दिवस काही खायचं नाही, नुसतं पळायचं.

दुसऱ्या दिवशी कशेडीच्या रस्त्यावरचं खडी फोडायचं काम टाकून तुम्ही आलात, फडक्यात नाचणीची भाकरी घेऊन. मी अडवलं.

"गुरुजी, घरात नसतं तवा पोर उपाशीच झोपतंय. आज हाय, तर तुम्ही नको म्हणता?"

मग खोटं बोललो. "नियम आहे मावशी. वजन उतरलं नाही, तर त्याला स्पर्धेतच घेणार नाहीत."

कुठला नियम! सगळ्या संघाचं नाव वरच्या गटात घालता आलं असतं. पोरं पोटभर जेवून खेळली असती. पण तिथे पहिल्याच फेरीत हरलो असतो, आणि मला ढाल हवी होती. मला, पोरांना नव्हे.

तुम्ही का हो भांडला नाहीत? विहिरीवर चौघींना गप्प करणारी बाई तुम्ही! गुरुजी सांगतात म्हणजे खरंच असणार, असं वाटलं ना?

ढाल मिळाली. रमेशने पहिला घास घेतला आणि भडाभडा ओकला. मी तेव्हा गुलालात न्हात होतो.

काल तो म्हणाला, "गुरुजी, तवा मी चोरून भाकर घेतलेली. आईनं हातातनं काढून घेतली. शेवटच्या दुखण्यात सारखी तेच बोलायची. मीच माझ्या पोराचा घास काढला, म्हणायची."

तेव्हासुद्धा मी खरं सांगितलं नाही, मावशी! पाच वर्षं माझं पाप तुम्ही स्वतःचं समजून वागवलंत, आणि मी येताजाता तुमच्या हातचा चहा प्यायलो. लाज कशी वाटली नाही मला?

आता मंडळ रमेश बघतो. स्पर्धा तोंडावर आहेत, आणि त्यानेही वजन उतरवायला दोन पोरांना उपाशी ठेवलंय. शिकवलं कोणी, ते काय सांगायला हवं?

उद्या सकाळीच वाडीत येतोय. त्या पोरांना आधी जेवायला बसवीन. मग सगळ्यांसमोर रमेशला सांगेन, तुझ्या आईने नाही रे, तुझा घास मी काढला. शब्द देतो तुम्हाला.

तुमचा अपराधी,
सदाशिव गुरुजी