लाहेचं बोलावणं

मोलगी,
शनिवार, १७ जानेवारी

प्रिय प्रतिभाताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय, म्हणून सध्या सातच अंगांचा मान्य कर.

तुझा तिळगूळ पोचला. पोस्टाने सगळ्यांचा मिळून एकच लाडू केला होता. अद्वैत ते हेच असावं. इथे पहाटे इतकं धुकं असतं, की शाळा जागेवर आहे असा भरवसा धरूनच चालायचं. खिडक्यांतून ते वर्गात येतं नि शेवटच्या बाकांवर बसतं. वर्गात निमूट तेवढंच.

मागे लिहिलं होतं, मुलं गुणी आहेत. आहेतच. मी फळ्याकडे वळलो की पाठीमागे होला घुमतो, मग तितर, मग सगळं रानच उगवतं. वळून बघावं तर तोंडं मिटलेली आणि कुणाच्या तरी बोटांत नुकतंच वाजवलेलं हिरवं पान. या सभेची नायिका नववीतली सुनिता. तिला बाहेर उभं केलं, तर बाहेरून मोर ओरडला. मला जत्रेतल्या घोड्यासारखं न्याहाळतात. दात तपासायचे तेवढे राहिलेत. रस्त्यात दिसलो की गप्प होतात. नको असलेल्या पाहुण्यापुढे घर गप्प होतं ना, तसं.

तू लिहितेस, "भाऊ, आते घर ये. आपला गावनी शाळामा जागा शे." गावच्या शाळेत बदलीचा तू पाठवलेला अर्जही मिळाला. त्याचं पुढे लिहितो.

परवाच्या अवकाळी वाऱ्यात खोलीची कौलं उडाली. पडल्या पडल्या नक्षत्रं दिसतात, उजळणी होते. घरमालकीण रूपलीबाईंकडे कुरकुरलो, की माणसं बघून जातात, पण एक कौल कुणी उचलत नाही. चूल फुंकता फुंकता त्या म्हणाल्या, "तू बोलावलं कोणाला?"

(इथे सगळ्यांनाच तू म्हणतात. देवालाही, तेव्हा संगत बरी आहे.)

मग कळलं. मोठं काम निघालं की इथे लाह करतात. पाडा जमून एका दिवसात घर उभं करतो. मजुरी नाही, फक्त जेवण. पण ज्याचं घर, त्यानेच दारोदार जाऊन बोलवायचं. न बोलावता जाणं म्हणजे त्याला लाचार समजणं.

"पावसाळ्यात आला तू. कोणाच्या दारात गेला? आम्हाला वाटलं, तुलाच आम्ही नको."

ताई, मी त्यांनाच विचारलं, सुरुवात कुठल्या दारापासून करू.

आज गेलो. एकेका टेकडीवर एकेक घर, मध्ये नुसतं धुकं; झोपेत चालावं तसा चाललो. शेवटचं घर सुनिताचं. तिचे वडील ईश्वर यांनी खाट टाकली, पाणी दिलं. म्हटलं, उद्या माझ्याकडे लाह आहे, या. त्यांनी मान हलवली. होकार होता की मानेवर माशी, कळलं नाही. सुनिता दारात उभी. हसली नाही.

रूपलीबाईंनी पातेलंभर उडीद भिजवलेत. कुणी आलं नाही, तर सोमवारी अर्जावर सही करीन.

रविवार, सकाळ

डाळ शिजली. अजून कुणी नाही. धुकं उंबऱ्याला टेकलंय.

वरच्या उतारावर होला घुमला. खरा होला इतका बेसूर नसतो, ताई. हा माझ्या ओळखीचा आहे. त्यामागे तितर. आता मोर, आणि मोठ्या माणसांचं बोलणं.

अर्ज सोबत परत पाठवतोय. पाठ कोरी आहे, वाणसामान लिहायला होईल. कौलं बसली की खोलीत आणखी एक खाट मावेल. इथे बोलावल्याशिवाय कुणी येत नाही म्हणे, म्हणून बोलावतो. ये.

तुझा मोलगीकर भाऊ,
रतिलाल