बाणूची कोरडी आंघोळ

।। श्री खंडोबा प्रसन्न ।।

निमोणे, ता. शिरूर
३ मार्च २००३

चि. प्रतिभा हिस,
अ. उ. आ.

सवयीने तुझ्या नावामागे सौ. लिहिलं होतं, ते खोडलं आहे. मल्हारला जाऊन दोन महिने झाले, पण हाताला अजून कळलेलं नाही. नवं आंतरदेशीय फुकट घालवायचं नाही म्हणून खाडाखोड तशीच पाठवते. राग मानू नकोस.

बाणू सुखरूप पोचली. मच्छिंद्रने टेम्पोत भाजीच्या क्रेटांमध्ये पिंजरा घट्ट बसवून आणला. उतरवताना विचारत होता, की काकू, एवढ्याशा उंदराला एवढा बंगला कशाला. मी सांगितलं, की उंदीर नाही, चिंचिला म्हणतात, परदेशातल्या थंड डोंगरावरचं जनावर आहे, कंपनीतल्या साहेबाने मायदेशी जाताना आमच्या मल्हारला दिलं होतं. तो म्हणाला, साहेबाला द्यायला दुसरं काही सुचलं नाही व्हय. तुझ्या आजेसासऱ्यांनी मात्र तिची थट्टा केली नाही. आबांनी जन्मभर मेंढरं कातरली, पण बाणूच्या पाठीवर बोट टेकवलं आन् म्हणाले, की ही लोकर न्हाई, ही साय हाय.

कंपनीने तुला त्याच्या जागी घेतलं, आता शिफ्ट आणि ती पत्र्याची खोली, तिथे हिचं झालं नसतं हे मला पटलं आहे. पण सांभाळायचं कसं ते कळत नाही. फोनवर आपल्या दोघींनाही बोलता येत नाही, मागच्या खेपेला नुसतं हॅलो हॅलो झालं, म्हणून लिहून विचारते. दिवसभर ती कोपऱ्यात डोळे मिटून असते. मला वाटतं, तिलाही कळलं आहे. दात केशरी दिसतात, मिश्री लावल्यासारखे. येत्या रविवारी, देवाचा वार म्हणून, घरादाराला डोक्यावरून आंघोळ असते, तर तिलाही कोमट पाण्याने घालू का?

माझ्या रोजच्या वहीत तिचं एक पान काढलं आहे. काय खाल्लं, किती लेंड्या टाकल्या, ते लिहिते. दुसरं लिहिण्यासारखं काही घडत नाही.

जेवत जा. माया होती तशीच आहे.

तुझी,
आत्या (सासू म्हणून सही करवत नाही)


दौंड
७ मार्च २००३

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

आंघोळ घालू नका, एवढं सांगायला पत्र आल्या दिवशीच उत्तर टाकते आहे. पाणी लागलं की तिची लोकर आतून वाळत नाही आणि कातडी खराब होते, असं हे सांगायचे. तिची आंघोळ कोरडी असते. शाडूची माती वाळवून फडक्याने वस्त्रगाळ करा आणि एखाद्या पसरट भांड्यात ठेवा. ती आपली आपण लोळते. लोळून झालं की भांडं काढून घ्या.

दात केशरी असतात तेच चांगले. पांढरे पडले तर काळजी. दिवसा झोपणं हा तिचा स्वभावच आहे, दिवे लागणीला उठते आणि उड्या मारते. तिला काही कळलेलं नाही, आत्या. कळलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी.

खायला वाळलेलं गवत द्या. गूळ, शेंगदाणे, खोबरं अजिबात नको. गोड आणि तेलकट तिच्या पोटाला झेपत नाही, आतडं थांबतं. मी एकदा लाडाने शेंगदाणे दिले, तर हे म्हणाले, सवतीला विष घालतेस काय. स्वतःचं नाव मल्हार, म्हणून मला चिडवायला हिचं नाव त्यांनी बाणू ठेवलं होतं. आणि घट्ट धरू नका. घाबरली की धरलेल्या जागचे केस सोडून देते आणि निसटते. पोटाखाली तळवा घालून उचला.

खरी भीती उन्हाळ्याची. तिला घाम येत नाही, पंख्याचा उपयोग नाही. कान लाल झाले की समजायचं. गेल्या एप्रिल-मेमध्ये साहेबांच्या रिकाम्या बंगल्यातला एसी होता, वॉचमनला सांगून हे तिथे ठेवायचे. आता तिथे दुसरे लोक आलेत. मला काही सुचत नाही.

मी पॅकिंगला आहे. डबा येतो, झाकण लावते. पुढचा येतो. बरं चाललं आहे.

आबांना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

प्रतिभा


निमोणे
१० एप्रिल २००३

चि. प्रतिभा हिस,
अ. उ. आ.

मातीची आंघोळ आवडली. तिची धूळ घरभर उडते, मी पुसत बसते, तेवढाच वेळ जातो.

ऊन फार वाढलं आहे. लाइट दुपारी बारालाच जाते. पिंजऱ्यात वाटणाचा पाटा ठेवला, त्यावर ती पोट टेकून पडायची. पण गेल्या आठवड्यात मंगळवारी पाटाच तापला. तिचे कान जास्वंदीसारखे लाल झाले आणि ती एका कुशीवर पडून धापा टाकू लागली. मी नुसती बघत उभी राहिले. आबांनीच हाक मारली, की मेंढरं तापली तवा आम्ही दगडाच्या सावलीला न्यायचो, आन् गावात गार दगड एकच हाय, देवाचा गाभारा.

खंडोबाचा पुजारी म्हाळू आधी नको म्हणाला, देवापुढं उंदीर कसा बसवू. आबा म्हणाले, गणपतीला चालतो, मग तुझ्या देवाचं काय घोडं अडलंय. शेवटी त्याने ठेवू दिली. तासाभरात कान फिके झाले. तेव्हापासून रोज अकराला नेते आणि ऊन उतरल्यावर आणते.

पण एक झालं. परवा रविवारी पिंजऱ्याची कडी नीट लागली नव्हती. ती उडी मारून थेट भंडाऱ्याच्या ताटात गेली आणि लोळली. पार पिवळी झाली. पाया पडायला आलेल्या बायकांनी बघितलं आणि गावभर झालं, की मल्हारच्या घरची बाणाई देवापुढं भंडाऱ्यात न्हाली. आता लोक तिला बघायला येतात.

तिला ती माती वाटली, हे मला ठाऊक होतं. तूच लिहिलं होतंस. तरी माझे हात जोडले गेले. जोडले, पण काही वाटलं नाही. पूर्वी वाटायचं.

कागद संपला. तब्येतीला जप.

आत्या


दौंड
१७ एप्रिल २००३

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

भंडारा तिच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. पण त्याहून काळजी खोबऱ्याची आहे. खंडोबाला येणारा माणूस खोबरं घेतल्याशिवाय येत नाही, आणि एकदा देव मानलं की कुणी ना कुणी तिच्यापुढे टाकणारच.

आमच्या सुपरवायझर मॅडमच्या ओळखीच्या एक जनावरांच्या डॉक्टरीणबाई पुण्यात आहेत. त्यांच्याकडे ससे आहेत, पक्षी आहेत, आणि एक खोली कायम गार असते. बाणूला घ्यायला त्या तयार आहेत, पण कायमची. अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे, हे तिला सोसायचं नाही म्हणतात. पत्ता कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला आहे.

ठरवायचं तुम्ही. मी तिला परत मागणार नाही. माझ्याकडे यांचे कपडे आहेत, डबा आहे. तुमच्याकडे तीच आहे.

काल पगार झाला. साडी घ्या असं मैत्रिणी म्हणाल्या. रंग कुठला आवडतो ते आठवेना.

तुमची,
प्रतिभा


निमोणे
२ मे २००३

चि. प्रतिभा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की द्यायची नाही. मल्हारचं म्हणून हलतं-चालतं एवढंच घरात होतं.

मग तो रविवार आला. देवळात गर्दी होती आणि मला स्वयंपाकातून निघायला उशीर झाला. संध्याकाळी पिंजऱ्यात बघते तर खोबऱ्याचे तुकडे, त्यांतले दोन-तीन कुरतडलेले. सोमवारी तिने गवताला तोंड लावलं नाही. ऊन होतं म्हणून देवळात मात्र न्यावंच लागलं. वहीत लेंड्यांपुढे काही लिहायला नव्हतं. मंगळवारीही नाही. म्हाळूने सगळ्यांना सांगितलं, की बाणाईने उपास धरला हाय. बायका आरती घेऊन आल्या.

मी पिंजरा उचलायला गेले तर गावातल्या सर्जेरावांची म्हातारी आडवी आली आणि मला म्हणाली, की गिताबाई, देवाचं माणूस देवापासून नेऊ नको. मी म्हणाले, की हे पोट बंद पडलेलं जनावर आहे, देव नाही, आणि खंडोबाला राग यायचा असेल तर येऊ दे, आता माझं तो काय नेणार. देवळात एकच गलका झाला. मी घाबरले नाही. तीस वर्षं मी रविवार धरते आहे, प्रतिभा, असं तोंडातून कसं गेलं माहीत नाही.

त्या गलक्याने बाणू कुत्र्याच्या पिलासारखी भुंकायला लागली आणि अर्ध्या उघड्या दारातून बाहेर आली. पळेल म्हणून मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तू लिहिलेलं पाठ असूनही धरलं. मूठ उघडली तेव्हा मुठीत नुसते केस होते, आणि ती देवाच्या मागे जाऊन बसली होती. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिथेच खाली बसले. पुष्कळ वेळाने ती आपली आपण येऊन पिंजऱ्यात शिरली. तिच्या कमरेवर रुपयाएवढी उघडी जागा दिसत होती.

बुधवारी पहाटे मच्छिंद्रच्या टेम्पोतून पुण्याला नेली. वाटेत त्याने एकदाही उंदीर म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला पिचकारीने पातळ खाणं भरवलं, आणि दोन दिवस सांगता येत नाही म्हणाल्या. आज त्यांचा फोन आला. लेंड्या टाकल्या, गवत खाल्लं. केस पुन्हा येतील. ती तिथेच राहील.

त्यांना द्यायला म्हणून तुझ्या पत्रांतून एकेक सूचना उतरवून काढली होती. काय द्यायचं, कसं उचलायचं, कान कधी बघायचे. दोन पानं भरली आणि सगळ्या ओळींत हे सांगायचे, हे म्हणायचे. ती पानं आता त्यांच्याकडे आहेत. आता मी तुला काय विचारू? विचारायला काही उरलं नाही म्हणून तू पत्र थांबवू नकोस. त्याचं काहीही लिही. जनावराचं नको, त्याचं.

आत्या


दौंड
८ मे २००३

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

रात्रपाळी करून आले की हे दिवसा झोपायचे. झोपेत मेंढरं हाकायचे. पहिल्यांदा मला वाटलं, बाहेर कुणी ओरडतंय. शाळा, आयटीआय आणि मग मशीन, जन्मात कधी एक मेंढी राखली नव्हती, पण झोपेत हाळी देऊन कळप वळवायचे. एक मेंढी रोज मागे राहायची. तिला शिव्या द्यायचे, त्या इथे लिहिता येत नाहीत. मी हसून उठवलं की लाजायचे. आबांना सांगायचं नाही, म्हातारा गावभर करेल, अशी मला शपथ घातली होती.

ती मी आज मोडली. आबांना वाचून दाखवा. हाळी कशी द्यायचे ते कागदावर उतरत नाही, म्हणून रविवारी सुट्टी काढून येते. आबांपुढे देऊन दाखवीन. चुकली तर ते सुधारतील.

तुमची,
प्रतिभा