न केलेली तार

२१ नोव्हेंबर १९७८, धार

नानांचा दहावा. तळ्यावर सकाळी आठला गेलो, परत यायला दीड वाजला. कावळा शिवेना. पिंड मांडून आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. समोरच्या चिंचेवर पाच-सहा कावळे होते, पण एकही खाली उतरेना.

बापूकाका म्हणाले, "धारचे कावळेही सरकारी झालेत. लंच झाल्याशिवाय टेबलावर यायचे नाहीत." कोणी हसलं नाही. सख्ख्या भावाचा दहावा, मग तेही पिंडाकडे बघू लागले.

गुरुजी म्हणाले, "त्यांच्या मनात काही राहिलं असेल तर हात जोडून सांगा." काका म्हणाले, वहिनींना अंतर देणार नाही. काही नाही. मी म्हणालो, नाना, विद्याचं लग्न चांगलं करून देईन. (माझी मुलगी, नानांची लाडकी.) काही नाही. मग काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुसुमचं बोल."

बोललो. "नाना, कुसुमला घरी घेऊन येईन."

कावळा लगेच उतरला. सगळे म्हणाले, सुटले. काकांनी डोळे पुसले.

बोलताना मनात काय होतं ते इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार. ऊन लागत होतं, भूक लागली होती, हे एकदाचं आटपावं असं वाटत होतं. बहिणीला आणण्याचं काही मनात नव्हतं.

२५ नोव्हेंबर, धार

काल तेरावा झाला. पाहुणे गेले. घर एकदम मोठं वाटतं.

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "बाप मरायला टेकला तरी आली नाही. तार गेली तरी आली नाही. माझ्यासमोर तिचं नाव काढू नका आता." माझी बायको शैला आत निघून गेली. मी ऐकून घेतलं.

तार गेली नाही. मी केलीच नाही.

२६ नोव्हेंबर, धार

काल एवढं लिहून वही मिटली. आज नीट लिहितो.

कु.ने (कुसुमला वहीत असंच लिहितो) आठ वर्षांपूर्वी अमझेऱ्याच्या मदनलालजी मास्तरांशी लग्न केलं. जात वेगळी. नाना म्हणाले, या घरात पाऊल टाकायचं नाही. कॉलेजात जन्मभर नीतिशास्त्र शिकवलेला माणूस. त्यानंतर घरात तिचं नाव नाही.

२५ ऑक्टोबरला, नाना खाटेवर पडून दोनच दिवस झाले होते, मला जवळ बोलावलं. "कुसुमला तार कर. ये म्हणावं. माझंच चुकलं." इतकंच. मी पोस्टात गेलो, फॉर्म घेतला, 'नाना आजारी, लगेच ये' असं लिहिलंही. मग खिडकीसमोर उभा राहून विचार केला. दिवाळीनंतर देवासची मंडळी विद्याला बघायला इथे धारलाच येणार. आधीची तीन स्थळं परत गेलेली. बैठकीत कु. आणि तिचे यजमान बसलेले दिसले तर चौथंही जाईल. दहा दिवसांचाच प्रश्न आहे, तोवर नाना उठून बसतील. फॉर्म घडी करून खिशात घातला. घरी येऊन सांगितलं, "केली."

पाहुणे आले, मुलगी पसंत पडली, गेले. मग तरी करायची होती. पण आता कु. आली असती तर म्हणाली असती, तार कालच मिळाली. माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून तीही नाही.

नाना रोज विचारायचे. "आली का?" अमझेऱ्याकडची बस यायच्या वेळी दाराकडे तोंड करून घ्यायचे. एकोणीस दिवस. शेवटच्या दिवशी दुपारी म्हणाले, "नाही यायची ती. बरोबरच आहे तिचं."

मी पाय दाबत होतो. दाबतच राहिलो.

३ डिसेंबर, देवास

रजा संपली, कारखान्यात पुन्हा रुजू. साहेबांनी विचारलं, वय काय होतं? सांगितलं. म्हणाले, उमर तो हो गई थी. मी हो म्हणालो. स्टोअरचं काम तुंबलं आहे ते बरं आहे.

कु.चं कार्ड आलं. वारल्याचं पत्र मी तिला तिसऱ्या दिवशी टाकलं होतं, तार नव्हे, साधं कार्ड. तिने एवढंच लिहिलंय: "पत्र मिळालं. स्नान केलं. आईला जप. कुसुम." तक्रार केली असती तर उत्तर तरी देता आलं असतं.

१० डिसेंबर, देवास

नानांच्या वर्गाच्या वह्या बरोबर आणल्या आहेत. शिकवायचे हिंदीत, टिपणं मराठीत. मी कॉमर्सवाला, सगळं कळत नाही. पण मुलांना समजावायचे तीन रस्ते त्यांनी सोपे करून लिहिलेत.

पहिला, कर्तव्याचा. तुम्ही करता तसंच सगळ्यांनी केलं तर चालेल का? दुसरा, परिणामांचा. कोणाचं किती भलं, कोणाचं किती वाईट, सगळ्यांचं धरून. 'सगळ्यांचं' खाली दोन रेघा. तिसरा, हे केल्याने तुम्ही कसला माणूस होणार?

स्वतःला लावून पाहिलं. पहिल्यात नापासच. सगळेच मुलगे मरणाऱ्या बापाला 'केली' म्हणू लागले तर कुठला बाप विश्वास ठेवील? दुसऱ्यात पास होईन असं वाटत होतं, विद्याचं भलं म्हणूनच केलं ना. पण माझ्या हिशेबात विद्या होती, शैला होती, मी होतो. कु. नव्हती. खाटेवरचे नानाही नव्हते.

तिसरा रस्ता वाचला. पान उलटलं.

१४ जानेवारी १९७९, देवास

संक्रांत, घरात दुःख म्हणून सण नाही. विद्याचं ठरलं. वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. मे धरला.

शैलाला आज सांगून टाकलं, तारेचं. ती दाणे निवडत होती. म्हणाली, "माहीत आहे. शर्ट भिजत घालताना खिशात फॉर्म मिळाला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही केली?" मग, "मीही म्हटलं, होऊन जाऊ दे विद्याचं. वन्संचं नंतर बघू."

म्हणजे आम्ही दोघं. मला जरा बरं वाटलं. त्याचीही नंतर लाज वाटली.

२० मे, देवास

लग्न पार पडलं. विद्या निघताना नानांच्या फोटोला नमस्कार करायला गेली तेव्हा मी बाहेर मांडवात उभा राहिलो.

लिहायचं ते दुसरंच. जेवणं झाल्यावर विहीणबाई पान खात म्हणाल्या, "का हो व्याही, अमझेऱ्याच्या बहीणबाई दिसल्या नाहीत?"

काहीतरी बोललो, प्रकृती वगैरे.

"आमच्या जाऊबाईंचं माहेर तिथलंच. त्यांच्या भाच्या तुमच्या बहिणीकडे शिकायला जातात. फार नाव आहे हो त्यांचं. आणि लपवताय काय? आम्ही सगळी चौकशी करूनच मुलगी बघायला आलो होतो." हसल्या. "आम्ही काय वाघ आहोत?"

हसलो मीही. मांडवात सगळे बघत होते म्हणून.

त्यांना आधीच माहीत होतं. नाना दाराकडे बघत पडले होते तेव्हाही त्यांना माहीत होतं.

२१ मे

रजा. दिवसभर घरात. शैलाला विहीणबाईंचं सांगितलं. ती भांडी आवरत राहिली. मग म्हणाली, त्यांची हरकत असती तर आपण केलं ते बरोबर ठरलं असतं का?

ही कधी शिकली हे?

२४ जून, देवास

एक नवीन विचार सुचला आहे. कु.ला आता सांगून काय मिळणार? नाना परत येणार नाहीत. तिने मनाची समजूत घातली असेल की बाप शेवटपर्यंत हट्टी होता. आता सांगितलं तर तिला दुसऱ्यांदा रडवायचं. गप्प बसणं हीच दया. दोन दिवस हा विचार करून छान झोप लागली.

आज वहीच्या कडेला नानांच्या बारीक अक्षरात सापडलं. वर्गात मुलं विचारतात, सर, तिघांतला खरा रस्ता कोणता? त्यांना उलट विचारावं, तुम्हाला आत्ता सोयीचा कोणता पडतोय? त्याच्यावर आधी संशय घ्या.

पोस्टाच्या खिडकीपाशी मला परिणाम सोयीचे होते. आता दया सोयीची. आधी उत्तर ठरवतो, मग त्याला आधार शोधतो.

आणि आई तिकडे कु.ला अजून बोल लावतेच आहे. गप्प बसून ही कोणावर दया?

९ सप्टेंबर, धार

आईला भेटायला आलो. वर्षश्राद्ध तिथीने १ नोव्हेंबरला येतं. काका अंगणात गाठून म्हणाले, "तळ्यावर बोलला होतास. आठवतंय?"

"आई नको म्हणते."

"वहिनीचं नंतर. शब्द तू दिलास, तिने नाही. जाऊन तर ये बाबा. अमझेरा काही विलायतेत नाही."

१४ ऑक्टोबर, धार

अमझेऱ्याला जाऊन आलो. सकाळच्या बसने. घर शाळेमागे. मदनलालजी दारातच होते. इतक्या वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोललेलो नाही. "आओ भिया, आओ. आज रस्तो कैसे भूल्या?" असं मोकळं हसले की मला चप्पल काढायला वेळ लागला.

कु.चे केस कानाजवळ पांढरे झालेत. म्हणाली, "दादा, किती मोटा झालास रे." मराठीत हिंदी फार आलंय. मदनलालजी दही आणायला गेले. ती मेथी निवडत बसली. मी खुर्चीवर. आत्ता नाही तर पुन्हा नाही, असं वाटलं.

सांगितलं. नानांनी तुला बोलावलं होतं. माझंच चुकलं म्हणाले. तार कर म्हणाले. मी केली नाही. विद्याच्या स्थळापायी. त्यांना सांगितलं, केली.

तिचे हात थांबले नाहीत. जुडी संपवली. देठं कागदात गुंडाळली. मग विचारलं, "किती दिवस विचारत होते?"

मी म्हणालो, "दोन दिवस. मग शुद्धच नव्हती."

कसं आलं तोंडातून कळलं नाही. नाही, कळलं. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि आलं.

ती रडली थोडी. मग मलाच म्हणाली, "दोनच दिवस ना. मग तार केली असतीस तरी मी वेळेवर पोचलेच असते असं नाही. जाऊ दे, दादा. तू सांगितलंस तरी. दुसऱ्याने सांगितलंही नसतं." माझी समजूत घालत होती.

बाफले केले होते, कणकेचे गोळे उकडून भाजलेले. मदनलालजी वरून तूप ओततच होते. "खाओ भिया, घी से कोई नी मर्यो." चार खाल्ले. घास अडायला हवा होता, अडला नाही.

निघताना कु. म्हणाली, श्राद्धाला येते, आदल्या दिवशीच येते. "आईजवळ बसायचंय. नाना शेवटी काय काय बोलले, सगळं तिच्याकडून ऐकायचंय."

१५ ऑक्टोबर, देवास

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. आई एकोणीस दिवस नानांच्या उशाशीच होती. 'आली का' प्रत्येक वेळी तिने ऐकलंय. आणि तिच्या हिशेबी तार गेलेली आहे. कु.ला वाटतं दोन दिवस. आईला वाटतं तार. दोघींना अर्धं अर्धं सांगून ठेवलंय मी.

कबुली द्यायला गेलो आणि तिथेही काटछाट केली. नानांच्या तीन रस्त्यांत हे कुठे बसतं?

२९ ऑक्टोबर, धार

रजा घेऊन आलो, शैलाही बरोबर. आईला सांगितलं, कु. येतेय, मी बोलावलंय. वाटलं ओरडेल. नुसती म्हणाली, "येऊ दे. तिच्या तोंडावर विचारते, माणूस एकोणीस दिवस दाराकडे बघत होता, तू काय करत होतीस?"

"आई, ती तार..."

"तार काय?"

काका आत आले, सामानाची यादी घेऊन. "काही नाही," म्हणालो. आई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. किंवा मला तसं वाटलं.

३१ ऑक्टोबर, धार

सकाळी सहा. चहा झाला. कु.ची बस दहाला.

रात्री ठरवलं, आधी कु.ला. पूर्ण. एकोणीस दिवस, दाराकडे तोंड, शेवटचं ते वाक्य. मग आईला, कु.च्या समोर. उलट केलं तर कु.ला आईच्या तोंडून कळेल, आणि तेवढं तरी तिच्या वाट्याला येऊ नये. हीही पुन्हा सोय असेल, माहीत नाही. पण घरात पाऊल टाकायच्या आधी सांगायला हवं. नाना टाकू नकोस म्हणाल्यापासून नऊ वर्षांनी टाकणार आहे ती. तारेचं मी सांगितलं तेव्हा जशी मेथी निवडत राहिली, तशी या वेळी राहील असं वाटत नाही. कदाचित स्टँडवरूनच परत जाईल. जायचा हक्क आहे तिला.

स्टँडपासून घर चालत वीस मिनिटं. टांग्याने सात-आठ, आणि टांगेवाला ऐकतो.

शैला म्हणते, वन्संजवळ सामान असेल, टांगा करा.

नको म्हणालो. सामान मी उचलीन.