मनाला प्रत माहितीसाठी

पप्पा, गेल्या आठवड्यात एक अख्खी दुपार मी समोरच्यांच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसून काढली, दोन वायरींचा सांधा मुठीत धरून, आणि बसताना तुमच्यावर चिडलेलो होतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडायला काही कारण उरायला नको होतं. पण गेलेल्या माणसांचा हाच त्रास. जिवंत माणूस काहीतरी सांगतो, मग स्वतःच विसरतो किंवा शब्द फिरवतो. तुम्ही सांगून ठेवलंत आणि गेलात. आता ते मागे कोण घेणार?

समोरचे म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं स्वच्छ, प्रत्येक वाक्याला इस्त्री केल्यासारखं. सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणते, मीही म्हणतो. डोंबिवलीत आमची दारं समोरासमोर आहेत आणि मधला पॅसेज एवढा चिंचोळा, की त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे शिंका येतात. तुमची सून दर बुधवारी दुपारी घरी प्रार्थना ठेवायची. येणाऱ्या बायका आपल्याच चर्चच्या मंडळीतल्या, साठीच्या पुढच्या, आणि प्रार्थनेचा निम्मा वेळ गुडघ्यांना जायचा. समोरच्या काकू कधीमधी येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. त्यांना गाणी आवडायची. फुप्फुसाचा जुना आजार, घरात ऑक्सिजनचं मशीन, पण तेव्हा थोडा वेळ नाकातली नळी काढून पॅसेज ओलांडण्याइतकी ताकद होती. एकदा त्या सहज म्हणाल्या, माझ्या दम्यासाठीपण म्हणा की काहीतरी. बायकांनी म्हटलं. काकांना कळलं, आणि त्यांनी पोलिसांत अर्ज दिला की या फ्लॅटमध्ये आजारी माणसांना गाठून बाटवतात.

हवालदार आला. चहा प्यायला, पेटीकडे संशयाने बघितलं, जमलेल्या बायकांची नावं-पत्ते घेतले आणि निघताना तुमच्या सुनेला हळूच म्हणाला, "ताई, माझ्या आईचेपण गुडघे जाम दुखतात. पण सध्या बंदच ठेवा." पुढच्या बुधवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणाचा मुलगा सरकारी नोकरीत, कुणाची नात लग्नाची. घाबरणं मला समजतं.  तुमची सून अजून बुधवारी दुपारी चटया घालते, बराच वेळ तशाच राहू देते, आणि चहाच्या वेळेला गुंडाळून ठेवते. मला ते बघवत नाही, म्हणून मी बुधवारी काहीतरी काम काढून बाहेर जातो.

मी पोट कशावर भरतो ते तुम्हाला माहीत आहे. दर रविवारी पेपरात लोकांची टर उडवतो आणि लोक मला त्याचे पैसे देतात. काकांवर मात्र मी अजून लिहिलं नव्हतं. आंबा अढीत घालतात तसं त्यांना घालून ठेवलं होतं. रोज थोडं दाबून बघायचो, पिकलंय का. त्यांची इस्त्रीची वाक्यं, त्यांच्या नोटिसा, लिफ्टमध्ये मला बघून जिन्याने जाणं, सगळं जमा होत होतं.

ही जीभ काही मी बाजारातून आणलेली नाही, तुमचीच आहे. रेल्वेच्या स्टोअरमध्ये तुम्ही क्लार्क होतात आणि नटबोल्ट मागायला आलेल्या माणसाला नटबोल्टबरोबर त्याच्या अकलेचं मापही हातात देऊन पाठवायचात. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी मिटवून यावं, असं आपल्यात शिकवतात. बाकीची मंडळी ते मनातल्या मनात मिटवायची. तुम्ही शनिवारी संध्याकाळी चपला घालून निघायचात. कल्याणच्या त्या क्वार्टर्समध्ये तुमची ती फेरी प्रसिद्ध होती. मला लाज वाटायची. बाकीच्यांचे वडील दुसऱ्याला माफी मागायला लावायचे, माझे मागत हिंडायचे. शेजारच्या फिटरकाकांना तुम्ही आधी जयभीम घालायचात, ते तुम्हाला आपल्यातला सलाम घालायचे, मग तुम्ही घसा साफ करायचात आणि ते दारातूनच म्हणायचे, "साहेब, पुढच्या महिन्याची माफीपण आजच मागून टाका, फेरी वाचेल."

इथपर्यंत मला पटायचं. चूक तुमची, माफी तुमची. पण तुमच्या हेडक्लार्कचं प्रकरण मला कधी पटलं नाही. त्याने वर कागाळी केली होती की तुम्ही तांब्याची तार घरी नेता. चौकशी झाली, स्टोअर मोजलं गेलं, तुमच्याकडे बोट दाखवण्यासारखं काही निघालं नाही. पण कितीतरी दिवस क्वार्टर्समधल्या बायका आईकडे बघून बोलणं थांबवायच्या. मग तो स्कूटरवरून पडला. पाय मोडला, तोंड सुजलं, बायकामुलं गावी. तो रेल्वेच्या दवाखान्यात पडून आहे हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही आईला सांगितलंत की उद्यापासून एक डबा जास्त. स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई पोळपाटावर लाटणं अशी आपटते आहे की पोळी गोल होते याचंच नवल. मी तिला खूश करायला उशी तोंडाला बांधून हेडक्लार्कची नक्कल करतोय, कण्हतोय, तांब्याची तार मागतोय. आई हसली. तुम्हीही हसलात, डोळे पुसण्याइतके. आणि मग म्हणालात, "नक्कल झकास आहे. आता डबा तू नेऊन दे."

गेलो. ज्याची नक्कल केली होती तो समोर होता आणि नकलेपेक्षा बराच लहान दिसत होता. त्याने डबा उघडला, जेवला, बोटं पुसली आणि म्हणाला, आईला सांग, वरणात मीठ कमी आहे. मी घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. आईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशीच्या वरणात मीठ बरोबर होतं.

त्या रात्री जेवताना मी तुम्हाला विचारलं होतं की तुम्हाला त्याचा राग येत नाही का. "येतो की," तुम्ही म्हणालात, "पुष्कळ येतो." मग? तर तुम्ही ताटातलं लिंबू पिळत, स्टोअरचा कागद वाचून दाखवावा तसं म्हणालात, "प्रीती करा असा हुकूम आहे. वाटू द्या असा नाही. वाटायची वाट बघत बसलो तर तो माणूस उपाशी राहील. हाताच्या नावे आदेश निघालाय. मनाला फक्त प्रत, माहितीसाठी."

आपल्या मंडळीत प्रीती हा शब्द इतका घासलेला आहे की तो ऐकून कुणाचे कान टवकारत नाहीत. बाहेरच्यांना तो सिनेमातला वाटतो. ऑफिसच्या फाईलमधून आलेली प्रीती मी फक्त तुमच्याकडे बघितली, आणि तीच मला नडली.

गेल्या आठवड्यात दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती. दुपारपर्यंत येईल असा मेसेज होता. दुपारी दुसरा मेसेज आला की वेळ लागेल. तुमची सून ठाण्याला बहिणीकडे गेलेली. मी इन्व्हर्टरवर पंखा लावून लिहीत बसलो होतो. पॅसेजपलीकडून बारीक पीं पीं असा आवाज यायला लागला. काकूंच्या मशीनची वीज गेली की ते असं ओरडतं, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे. म्हणजे त्यांचा इन्व्हर्टर बसला होता. अलीकडे काकूंना ते मशीन काढलेलं क्षणभर चालत नव्हतं. आवाज येत राहिला, मग कुणीतरी बटण दाबून तो बंद केला. ते जास्त वाईट होतं. मी उठलो, पण प्रीतीने वगैरे नाही. तुमच्या नावाने बोटं मोडत उठलो.

काकांनी आतलं दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही. हातात फोन, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. या माणसाला मी असा कधी पाहिला नव्हता.

"काय काम आहे?"

"काकूंचं मशीन बंद पडलंय ना? माझी बॅटरी नवी आहे. वायर टाकतो."

"आवश्यकता नाही. छोटा सिलेंडर लावलाय. मोठा ठाण्याहून निघालाय."

"कुठपर्यंत आलाय?"

त्यांनी फोनकडे बघितलं. "माजिवड्याला."

माजिवडा ठाण्यातच, म्हणजे सिलेंडर अजून निघालेलाच नाही असं धरून चालायला हरकत नव्हती, आणि हे त्यांनाही कळत होतं. त्यांच्या खांद्यावरून मला आतलं दिसत होतं. काकू पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसल्या होत्या, हात मांड्यांवर रोवलेले, प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलले जात होते. ओठ जांभळट दिसत होते, आणि छोट्या सिलेंडरचा काटा तळाला टेकला होता. मी म्हटलं, काका, भांडण नंतर करू, दार उघडा.

ते हलले नाहीत. आवाजही चढवला नाही. "तुम्हाला यातून काय हवंय ते आधी सांगा. मी अर्जात हेच लिहिलं होतं. आजारपणात गाठायचं, उपकार करायचे, मग माणूस आपला करायचा. ती एकदा तुमच्याकडे येऊन गेली की दोन दिवस तीच गाणी गुणगुणते."

पप्पा, त्या क्षणी माझ्या तोंडात एक वाक्य आलं. लहानसं, धारदार. त्यात त्यांची बँक होती, त्यांचा अर्ज होता आणि काकूंचा श्वासही होता, आणि तिन्ही इतके चपखल बसले होते की तेवढ्यावर माझं वर्षभराचं नाव झालं असतं. ते मी बोललो असतो तर ते दार पुन्हा उघडलं नसतं. आतून काकूंचा आवाज आला. एकेका शब्दासाठी त्यांना थांबावं लागत होतं. "अहो... घ्या... ना... वायर."

मी ते वाक्य गिळलं. तुम्हाला वाटतं तितकं हे सोपं नसतं, ते खाली उतरताना लागतं. मी म्हटलं, "काका, प्रार्थना नाही, गाणं नाही, मी तोंडसुद्धा उघडणार नाही. फक्त करंट."

त्यांनी कडी काढली.

माझी वायर त्यांच्या उंबऱ्यापर्यंतच पोचली. त्यांची तिथून पुढे. सांधा उंबऱ्यावर आला आणि तो ढिला होता, सोडला की मशीन बंद. म्हणून मी पाट आणला आणि तो दाबून धरून बसलो. घरातला पंखा, फ्रिज, सगळं बंद करून आलो होतो. काका आत खुर्चीवर, मी बाहेर, मध्ये मशीनची घरघर. बॅटरी किती वेळ ओढेल, असं त्यांनी एकदा विचारलं. ओढेल, म्हटलं, मला माहीत नव्हतं. काकूंचे खांदे हळूहळू खाली आले. आणि मग मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. ज्याने पोलिसांत दिलं त्याच्या दारात घाम गाळत बसलेला मी. कुणी फोटो काढावा असा. त्या गोडव्यात मूठ सैल झाली. मशीन ओरडलं, काका ताडकन उठले, काकूंचा हात हवेत गेला. मी सांधा पुन्हा दाबला. त्यानंतर मी दुसरं काही मनात आणलं नाही. काळ्या प्लास्टिकच्या त्या तुकड्याकडे बघत बसलो, आणि बोटं बधिर झाली की हात बदलत राहिलो.

ऊन कलल्यावर सिलेंडरवाले जिन्याने धापा टाकत आले. नळी जोडली, काटा वर आला. काका म्हणाले, "आता वायर काढा." आभार वगैरे नाही. मी वायर गुंडाळत असताना ते बाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं. म्हणाले, एक विनंती आहे.

"हे पेपरात येऊ नये."

मी वर बघितलं. त्यांनी हात पाठीमागे बांधले. "अर्ज दिल्यापासून मी रविवारी तुमचं पान सगळ्यात आधी उघडतो," ते म्हणाले. "माझ्यावर आलंय का बघतो. मग तिला चहा देतो."

त्यांनी आमचे बुधवार नासवले होते. त्यांचे रविवार कुणी नासवले, हे मी कधी विचारलंच नव्हतं. येणार नाही, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही, मीही विषय काढलेला नाही. जिन्यात भेटले की मान हलवतात, माशी उडवल्यासारखी. काकू बऱ्या आहेत, म्हणजे पूर्वीइतक्याच आजारी आहेत. तुमच्या सुनेला मी एवढंच सांगितलं की वीज फार वेळ नव्हती. अढीतला आंबा मी काढून टाकला, आणि गेल्या रविवारचं पान भरायला विषय सापडेना, तेव्हा पार्किंगवर काहीतरी बेचव लिहून दिलं.

म्हणून हे छापायचं नाही, आणि पाठवायचं म्हटलं तर तुमच्याकडे कुठलंच टपाल जात नाही. शब्द दिलाय, तो पाळीन. पण पप्पा, दारात गिळलेलं ते वाक्य मी विसरलेलो नाही. अधूनमधून त्यातला एखादा शब्द बदलून बघतो. आता ते पहिल्यापेक्षा चांगलं झालंय.