ओळीतलं तुझं झाड

प्रिय छोट्या,

बादलीच्या कडीत काठी घालून आपण मागच्या अंगणात पाणी न्यायचो, आठवतं? तू सहा वर्षांचा, मी चौदाची. तू बुटका, म्हणून बादली घसरत तुझ्याकडे जायची आणि मी ती एका हाताने माझ्याकडे ओढून धरायची. तू चिडायचास. "ताई, मला पण जड दे ना!" म्हणून भर अंगणात पाय आपटायचास.

आषाढ संपतो त्या अवसेला, वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं असेल त्याचं झाड कुंपणाशी लावायचं, आणि कुणी गेलं नसेल तर ओळीतल्या जुन्या झाडांना पाणी घालायचं, ही आपल्या घरची रीत. एकदा धो धो पाऊस पडत असताना तू विचारलंस, यांना पाणी कशाला? बाबा म्हणाले, "पाऊस सगळ्यांवर पडतो. हे पाणी आपल्या हातचं." आजीच्या झाडाचे पेरू तू कच्चेच खायचास. आई म्हणायची, म्हातारीने जिवंतपणी एक गोळी दिली नाही कुणाला, आता बघा कशी वाटत सुटलीये.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आई या मार्चमध्ये गेली. झोपेतच, त्रास न होता. हे असं एका दमात लिहायला नको होतं, पण वाईट बातमी पत्राच्या शेवटी लपवू नये, असं शाळेत मदरनी शिकवलं होतं. त्यांनी शिकवलेलं सगळंच पाळलं असतं, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

शाळेच्या चॅपलमध्ये, आपल्या चुका पाद्रीला कबूल करायची, ती जाळीची खिडकी होती. माझ्या वर्गातल्या मुली गुडघे टेकून तिथे काहीबाही सांगायच्या आणि हसत बाहेर यायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. आपल्याकडे तशी खिडकी नाही. म्हणून तुलाच सांगते.

बाबा "तोंड दाखवू नकोस" म्हणाले आणि तू खरंच गेलास, त्यानंतर तिसऱ्या वर्षी माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर तुझं पत्र आलं होतं. छोट्या, ते मला मिळालं होतं. "ताई, बाबांना विचार, येऊ का?" एवढीच ओळ, खाली कारखान्याचा पत्ता. मी ते घरी सांगितलं नाही. आई तीन वर्षं दाराकडे तोंड करून जेवत होती, मला बघायला आलेली माणसं "भाऊ कुठे असतो?" विचारून उठून जात होती, आणि तू एका ओळीत मोकळा! मला वाटलं, आठवडाभर वाट बघू दे यालाही. आठवड्याचा महिना झाला. मग बाबांना झटका आला. मग, इतके दिवस का लपवलंस, याचं उत्तर माझ्याजवळ उरलं नाही.

तू गेल्याच्या बाराव्या वर्षी बाबा म्हणाले, आता त्याचं झाड लावून टाकू. त्यांचा हात चालत नव्हता, म्हणून खड्डा मी खणला. पत्र माझ्या कपाटात होतं आणि मी खणत होते. आई अंगणात आलीच नाही. दर अवसेला ती सगळ्या झाडांना पाणी घालायची आणि तुझं कडुनिंब सोडून पुढे जायची. "जिवंत माणसाचं झाड या ओळीत नसतं. तो येईल, स्वतःच्या हाताने पाणी घालेल, मग ते साधं झाड होईल," म्हणायची. तिची पाठ वळली की मी घालायची. आता ते छपराच्या वर गेलंय. आईला काही ठाऊक होतं का, ते मी शेवटपर्यंत विचारू शकले नाही.

परवा धीर करून त्या कारखान्यात फोन केला, तुझं नाव सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री जेवायला गेलेत. कोण बोलतंय?" मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. तू जेवायला गेला होतास. वीस वर्षं ज्याचं झाड मी वाढवलं, तो जेवायला गेला होता.

अवस बावीस दिवसांवर आहे. त्याआधी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई फार गोड बोलतात, त्याचीच भीती वाटते. माफी मागायला तोंड नाही, आणि स्वार्थ नाही असंही म्हणत नाही, कारण ओळीत झाड लावणारं तुझ्यामाझ्याखेरीज कुणी उरलं नाही. आईचा खड्डा खणायचाच आहे. दुसरा लागेल का, ते तेव्हा कळेल. किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे. माझी पुस्तकं आणि शिलाई मशीन त्यांना दे. आईची पितळी झारी तुझी. बाबांचं घड्याळही तुझंच. कुणासाठी ते कधी बोलले नाहीत, पण चावी रोज द्यायचे. तुझं पत्र घड्याळाच्याच डबीत आहे, ते तुला परत. झारी भरलीस की आधी स्वतःच्या झाडाला घाल. जड आहे रे, पण तूच मागायचास.

तुझीच,
ताई